सव्वादोन इंच

माणसाचं स्वातंत्र्य कशानेही मोजता येत नाही, असं मोठमोठी माणसं व्यासपीठावरून सांगत आली आहेत. मी कनिष्ठ महाविद्यालयात भौतिकशास्त्र शिकवते, त्यामुळे मोजता न येणाऱ्या गोष्टींविषयी मला जरा संशयच असतो. माझं स्वातंत्र्य मी मोजलं. ते सव्वादोन इंच भरलं. माझी उंची चार फूट दहा इंच. आमच्या पोर्चमधल्या क्रूझर मोटारसायकलवर बसलं की माझी टाच आणि सोलापूरची जमीन यांच्यामध्ये एवढं अंतर उरत होतं. पुढे कळलं, की हे मापही चुकलं होतं.

गाडी नवऱ्याने घेतली होती, पन्नाशी ओलांडल्यावर. आधीच्या पिढीतली माणसं ज्या वयात तांब्याच्या भांड्यातलं पाणी प्यायला लागत, त्या वयात हल्ली क्रूझर घेतात. दोन्हींचा हेतू एकच, आपल्याला अजून बराच वेळ आहे असं स्वतःला पटवणं. शोरूममध्ये गाडीवर लाल मखमली कापड घातलं होतं. नवऱ्याने ते दूर केलं, तेव्हा तिथल्या सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मग पुठ्ठ्याची तीन फूट लांब किल्ली त्याच्या हातात देऊन फोटो काढला. खरी किल्ली कुठल्या ड्रॉवरमध्ये आहे हे कुणाला आठवेना, म्हणून आम्ही आणखी वीस मिनिटं त्या पुठ्ठ्याच्या किल्लीसोबत बसलो.

गाडीबरोबर काळं चामड्याचं जाकीटही आलं. सोलापुरात आठ महिने उन्हाळा असतो आणि उरलेले चार महिने त्याची तयारी चालते. तरी नवऱ्याने ते जाकीट घालून रविवारी सकाळी पंधरा जणांसोबत चाळीस किलोमीटर जाऊन इडली खाल्ली. आमच्या गल्लीच्या तोंडाशी तशीच इडली मिळते. परत आला तेव्हा जाकिटाचं आतलं अस्तर पिळावं लागलं.

मे महिन्यात त्याचा मणका सरकला. गाडीवर नव्हे, पाण्याची बादली उचलताना. "गाडीवरून पडून झालं असतं तर चार लोकांत सांगायला तरी बरं होतं," असं तो कितीतरी दिवस म्हणायचा. डॉक्टरांनी कमरेला पट्टा आणि झोपायला लाकडी दिवाण सांगितला, आणि मोटारसायकल कायमची बंद केली. दिवाण पुढच्या खोलीत खिडकीशी लावला. तिथून त्याला पोर्च दिसायचा आणि पोर्चमधली झाकलेली गाडीही. ही सोय होती की शिक्षा, हे आम्ही दोघांनीही बोलून दाखवलं नाही.

त्याला बघायला थोरले दीर आले. ते उजनीच्या काठी राहतात. केळी, ऊस आणि धरणाचं पाणी उपसणाऱ्या तीन मोटारी. येताना केळीचा अख्खा घड घेऊन आले. आमच्याकडे थोरला दीर धाकट्या भावजयीशी थेट बोलत नाही. सत्तावीस वर्षांत त्यांनी मला उद्देशून एक वाक्य म्हटलेलं नाही, आणि तरीही ते माझ्याशी भरपूर बोलले आहेत. मध्ये कुणीतरी लागतं. बहुतेक वेळा नवरा असतो. तो घरात नसेल तर मांजरही चालतं.

चहा झाल्यावर ते दिवाणाकडे बघत म्हणाले, "गाडी अशी उभी करून गंजवण्यापरीस मी घिऊन जातो. धरणाकाठच्या रस्त्याला मोटारींवर ध्यान ठिवायला बरी पडंल."

नवरा पंख्याकडे बघत राहिला. माझ्या लक्षात आलं, की गाडी जाणार हे या दोघांत ठरूनही गेलं आहे. विचारण्यासारखं घरात आणखी कुणी आहे, हे कुणाला सुचलं नव्हतं.

"भाऊजींना सांगा, गाडी मी चालवणार आहे," मी म्हटलं. त्या क्षणापर्यंत हे मलाही माहीत नव्हतं.

दीर केळीच्या घडाकडे बघून म्हणाले, "तिला इचार, पाय पुरतो का?"

"भाऊजींना सांगा, डोकं पुरतं. पायाचं बघू."

"मोटारसायकल डोक्यानं थांबत न्हाय म्हनावं."

नवरा दोघांच्या मध्ये आडवा पडून हे सगळं ऐकत होता. त्याने एकही निरोप पोचवला नाही, आणि एकही पोचायचा राहिला नाही.

दिरांचं म्हणणं खरं होतं, हे आठवड्याभरात सिद्ध झालं. गियरच्या गाडीचं लायसन्स मी कॉलेजात असताना वडिलांच्या मोटारसायकलवर काढलं होतं आणि वेळोवेळी नवं करून घेतलं होतं. चालवणं मला येत होतं. थांबणं येत नव्हतं. भर सकाळी, भर चौकात, लाल सिग्नलला मी ब्रेक लावला, पाय खाली टाकला आणि खाली काहीच लागलं नाही. पायात कॉलेजच्या सपाट चपला होत्या. पावणेदोनशे किलोंहून जास्त वजनाची वस्तू एकदा कलायला लागली की तिला कुणी अडवत नाही, हे मी दरवर्षी फळ्यावर शिकवते. गाडी आडवी झाली, मी तिच्या शेजारी बसले. एका रिक्षावाल्याने आणि दोन विद्यार्थ्यांनी गाडी उचलली. विद्यार्थी माझेच होते. त्यांच्या चेहऱ्यांवर आदर होता. मला तो अजिबात आवडला नाही.

उजनी आमच्यापासून ऐंशी-नव्वद किलोमीटर आहे. मी घरी पोचायच्या आत बातमी तिथे जाऊन फोन परत आला होता. नवऱ्याने स्पीकर लावला.

"दसऱ्याला सोनं द्यायला येतो म्हनावं," दीर म्हणाले. "त्या दिवशी तिनं एकटीनं मंगळवेढ्याला जाऊन यायचं. तितनं पाच किलो ज्वारी आनायची. गाडी एकदा बी आडवी न्हाय झाली पायजे. झाली, तर किल्ली माझ्याकडं."

"भाऊजींना विचारा, आणि नाही झाली तर?"

"तर गाडी तिची. आन् ज्वारी बी घरात यील की."

"आडवी झाली की नाही, हे भाऊजींना कळणार कसं?"

"तिला इचारीन." मग चूक लक्षात आली. "म्हंजे तू इचार. ती खोटं बोलत न्हाय, एवढं म्हाईत हाय मला."

शत्रूने केलेलं कौतुक फार गैरसोयीचं असतं. मी अट मान्य केली.

नवरा नंतर म्हणाला, "अगं, जाऊ दे ना गाडी. मला ती रोज समोर बघवत नाही."

मी म्हटलं, "मग दिवाण फिरवून देते."

मला मोटारसायकलचं वेड होतं असं नाही. वाऱ्यावर केस उडवत जाण्याचीही हौस नव्हती. हेल्मेटमध्ये केस उडत नाहीत. कारण साधं होतं. वर्गातला फळा मी स्टुलावर उभी राहून भरते. घरातला ओटा उंच सासूच्या मापाने बांधलेला, म्हणून पोळ्या लाटताना पायाखाली पाट. एसटीतला वरचा दांडा मला दिसतो, पण त्याच्याशी माझी कधी ओळख झाली नाही. पन्नास वर्षं मी वस्तूंच्या उंचीला जाऊन त्यांना भेटत आले. या वेळी वस्तूने खाली यायचं, असं मी ठरवलं.

त्यासाठी मागच्या गल्लीतले मामा लागले. मामा म्हणजे कापडगिरणीतले जॉबर. मागावर विणकर बसतो आणि माग बिघडला की जॉबर येतो. गिरणी बंद पडली, पण अजून शहरातल्या यंत्रमागवाल्यांचा माग रुसला की मामांनाच बोलावतात. घरात तेलुगू बोलतात, बाहेर मराठी, आणि यंत्राशी दोन्ही. मला टीचरम्मा म्हणतात.

मामांनी येऊन झाकण काढलं, गाडीभोवती दोन फेऱ्या मारल्या, स्क्रूड्रायव्हरचं एक टोक इंजिनाला आणि दुसरं कानाला लावून गाडी सुरू करायला लावली. बराच वेळ ऐकलं.

"तब्येत चांगली आहे," ते म्हणाले. "फक्त उंची नडती. माणसासारखंच."

मी आतून टेप आणला.

"टेप ठेवा आत, टीचरम्मा. टेप वाकतो. वाकणारी वस्तू खरं सांगत नाय."

त्यांनी खिशातून मेण लावलेलं सूत काढलं. मला गाडीवर बसवलं, टाचेपासून फरशीपर्यंत सूत ताणून धरलं, गाठ मारली. मग माझ्या मांडीपासून टाचेपर्यंत दुसरं सूत, त्याला गाठ. हँडलपासून खांद्यापर्यंत तिसरं. मी त्यांच्या पाठोपाठ तीच मापं टेपने मिलिमीटरमध्ये घेतली आणि वहीत लिहिली. दोन्ही तंतोतंत जुळली. सव्वादोन इंच. त्यांना सुताचा अभिमान वाटला, मला विज्ञानाचा.

मी आधी नियम वाचून काढले. गाडीची मूळ चौकट, इंजिन आणि सायलेन्सर यांना हात लावायचा नाही, हे मामांना सांगितलं. सायलेन्सर फोडून आवाज वाढवणारे वीर आमच्या कॉलनीतही आहेत. स्वतःकडे सांगण्यासारखं काही नसलं की माणूस सायलेन्सर काढतो. आम्हाला आवाज नको होता, जमीन हवी होती.

काम पावसाळाभर चाललं. मागचे दोन शॉकॲब्सॉर्बर काढून इंचभर आखूड घातले. ते पार्सलने आले. पुढची बाजूही तेवढीच खाली घेतली, नाहीतर गाडी आकाशाकडे बघत चालली असती. क्रूझरचे पाय ठेवायचे दांडे पुढे असतात, म्हणजे माणसाने आरामखुर्चीत पसरल्यासारखं बसावं. माझे पाय तिथवर पोचत, पण फक्त अंगठ्याने, आणि अंगठ्याने ब्रेक लागत नाही. मामांनी मागाचे सुटे भाग करणाऱ्या एका लेथवाल्याकडून पोलादी पट्ट्या करून आणल्या आणि दांडे चार इंच मागे घेतले. हँडल माझ्याकडे ओढून घेतलं. क्लच इतका कडक होता की तो दाबताना माझा चेहरा बदलायचा. मामांनी आतली केबल काढून तिला मागाचं पातळ तेल पाजलं.

पाने माझ्या हातात असायचे, कारण मामांची अट तशी होती. "मी आवळून दिलं तर उद्या सैल झाल्यावर मला हाक मारणार. तुमी आवळा. मी बघतो." पहिल्या दिवशी मी एक बोल्ट उलट्या आट्याने आवळायला गेले. मामा काही बोलले नाहीत, नुसते खोकले. पुढच्या दोन महिन्यांत ते खूप खोकले.

दिवाणावरून नवऱ्याच्याही सूचना यायच्या. त्याने इंटरनेटवर क्रूझर खाली घेण्याचे अमेरिकेतल्या लोकांचे तासन्‌तास व्हिडिओ बघितले होते.

"अगं, बोल्ट किती जोराने आवळला ते मोजायला तिथे टॉर्क रेंच लागतो म्हणे."

"मामा, टॉर्क रेंच लागतो म्हणतात."

मामांनी उजवा दंड पुढे करून दाखवला. "हा काय."

कॉलेजच्या स्टाफरूममध्ये एक सहकारी म्हणाले, "मॅडम, या वयात हे काय? शोभतं का?" त्यांनी स्वतः त्या वर्षी केस काळे केले होते आणि मिशी विसरले होते. मी त्यांच्या मिशीकडे बघत राहिले. ते तास नसताना वर्गावर गेले.

राहिली गादी. एक इंच शॉकॲब्सॉर्बरने गेला, सव्वा इंच गादीतून जायचा होता. गादी सोडवून मी रिक्षाने नवी पेठेकडे नेली. तिथे आत एका बोळात गाड्यांच्या गाद्या शिवणारा कारागीर बसतो. त्याच्यापुढे गणपतीआधीचीच कामं पडून होती. "नवरात्रात देतो," असं त्याने सांगितलं. कुठल्या दिवशी, हे मी विचारलं नाही. मामांनी सव्वा इंचावर गाठ मारलेलं सूत त्याला दिलं आणि बजावलं, "ह्याच्यापेक्षा एक दोराही जास्त नाय, कमी नाय." गादीविना गाडी पोर्चमध्ये विटांवर उभी राहिली, कोंबडी सोलल्यासारखी.

गादी खंडेनवमीच्या आदल्या दिवशी आली. आम्ही ती बसवली, मी चढले, दोन्ही टाचा फरशीला पूर्ण टेकल्या. मामांनी पुन्हा सूत लावून बघितलं. मी पुन्हा टेप लावला. नवरा पट्टा बांधून दारापर्यंत चालत आला. मी गाडीवर बसून दोन्ही पाय आपटून दाखवले. पन्नास वर्षांत मला जमीन इतकी आपली कधी वाटली नव्हती.

दुसऱ्या दिवशी, खंडेनवमीला सकाळी, मामांनी आपली सगळी हत्यारं धुऊन पाटावर मांडली. आमच्या घरचे पानेही त्यांनीच मागून नेले होते. हळदकुंकू, झेंडू, नारळ. पूजेला बसलेलं हत्यार दुसऱ्या दिवशी दसऱ्याची पूजा होईपर्यंत उचलायचं नाही, हा त्यांचा नियम. मागावर गेलेल्या पंचेचाळीस वर्षांत तो त्यांनी एकदाही मोडलेला नव्हता.

मी हेल्मेट घातलं, जाड तळव्याचे बूट चढवले आणि चाचणीला वीस किलोमीटरची चक्कर मारायला निघाले.

तिसऱ्या किलोमीटरला मला प्रत्येक खड्डा वेगळा ओळखता यायला लागला. पाचव्याला कळलं, की गादीखालच्या पत्र्याला नेमके किती बोल्ट आहेत. सहाव्याला मी वळले. घरी येऊन उतरले तेव्हा मला सरळ होता येईना. नवरा दारातून म्हणाला, "अगं, घरात एक मणका पुरे आहे."

मामा आले. गादी दाबून बघितली. बोटभरही फोम उरला नव्हता. "सूत बरोबर होतं," ते म्हणाले. "टेप बरोबर होता," मी म्हटलं. आम्ही दोघं एकमेकांकडे बघत राहिलो, आणि मग दोघांनीही खाली बघितलं. मामांच्या पायात काही नव्हतं. त्यांनी नेहमीप्रमाणे चपला फाटकापाशी काढल्या होत्या. माझ्या पायात बूट होते.

आमच्या पोर्चमध्ये कुणी चपला घालून येत नाही. फरशी आहे, सकाळी रांगोळी असते. आणि मामा तर जिथे हत्यार ठेवलं आहे तिथे पायताण घालूनच जात नाहीत. मागाजवळ जायचं ते अनवाणी, ही त्यांची आयुष्यभराची सवय. म्हणून आम्ही चार महिने प्रत्येक माप अनवाणी घेतलं. पुन्हा पुन्हा घेतलं, दोन पद्धतींनी घेतलं, आणि दर वेळी तेच आलं म्हणून खूश झालो. बुटाचा तळवा सव्वा इंच होता. गादीतून कापलेला अख्खा सव्वा इंच कापायची काही गरज नव्हती. माझं खरं स्वातंत्र्य एक इंचाचं होतं. बाकीचं चांभाराकडे मिळालं असतं.

विद्यार्थ्यांनी असं उत्तर आणलं असतं, तर मी ते सगळ्या वर्गाला वाचून दाखवलं असतं.

"गादी उघडून फोम भरू," मी म्हटलं. "चार बोल्ट तर आहेत."

मामांनी मान हलवली. "पाने पूजेला बसलेत."

"मामा, उद्या सकाळी मला निघायचंय."

"टीचरम्मा, पाने उचलणार नाय."

मी शेजाऱ्यांकडून पाना आणू शकले असते. तसं बोलूनही दाखवलं. मामा काही म्हणाले नाहीत, खोकलेही नाहीत. ज्या माणसाने चार महिने माझ्यासाठी राबून एक पैशाचाही विषय काढला नाही, त्याच्या पूजेच्या शेजारी उसना पाना चालवायचा मला धीर झाला नाही. मी देवाला फारसं मानत नाही. मामांना मानते.

मामा घरी गेले आणि चादर घेऊन आले. सोलापुरात कुणाच्याही घरी गेलं तर चादर असतेच. ही त्यांनी स्वतः लावलेल्या मागावरची, लाल-हिरवी, जाड. त्यांनी तिच्या आठ घड्या केल्या, गादीवर घातल्या, माझ्या बुटांकडे बघत एक घडी सोडली, मग चादरीच्या कडा गादीखालून ओढून विणकरी गाठी मारल्या. ना पाना, ना सुई.

"हत्यारं पूजेला बसलीत," ते म्हणाले. "हात नाय बसले."

काळ्या रंगाच्या, चकचकीत क्रोमच्या त्या क्रूझरचा सगळा रुबाब बैलाच्या झुलीवर आला होता. नवऱ्याने दारातून बघितलं आणि डोळे मिटले. मी बसून बघितलं. बूट जमिनीला पूर्ण टेकत होते, आणि पाठीला बोल्ट मोजता येत नव्हते.

दसऱ्याला सकाळी सहाला निघाले. मंगळवेढा पंचावन्न किलोमीटर. शहरातल्या त्याच चौकात सिग्नल लाल झाला. मी थांबले. दोन्ही पाय जमिनीवर. शेजारच्या टेम्पोवाल्याने आधी चादरीकडे, मग माझ्याकडे बघितलं. मला वाटलं, काहीतरी बोलेल. तो म्हणाला, "बाई, चादर कितीला घेतली?"

पुढे रस्ता मोकळा होता. दोन्हीकडे नुकती पेरणी झालेली काळी रानं. सात वेळा थांबले, सातही वेळा जमीन जागेवर होती. मला गाणं वगैरे सुचलं नाही. मान दुखली, आणि मी मनातल्या मनात दिरांना खूप उत्तरं दिली, मध्ये कुणालाही न ठेवता.

मंगळवेढ्यात दुकानासमोर गाडी बाजूच्या स्टँडवर लावली. ती नेहमीपेक्षा जरा ताठ उभी दिसली. मला वाटलं, चांगलं आहे. आत जाऊन पाच किलो ज्वारी घेतली, बाहेर येऊन पिशवी उजव्या हँडलला अडकवली आणि हेल्मेट घालायला दोन पावलं मागे सरले.

गाडी अगदी सावकाश, विचार केल्यासारखी, उजवीकडे आडवी झाली.

मला कारण पडतापडताच कळलं. गाडी इंचभर खाली आली, पण स्टँड तेवढंच लांब राहिलं. त्यामुळे ती डावीकडे पुरेशी कलतच नव्हती. आमच्या पोर्चला उतार आहे, म्हणून घरी ते दिसलं नाही. पाच किलो वजन चुकीच्या बाजूला टांगायला भौतिकशास्त्राची शिक्षिका लागली.

"बाई, गाडी झोपली की तुमची!" दुकानदार आतून ओरडला. त्याने आणि मी मिळून ती उचलली. आरसा फिरला होता, ज्वारी मूठभर सांडली होती. बाकी काही नाही.

परतीचे पंचावन्न किलोमीटर मी एकाच गोष्टीचा विचार करत आले. तिथे मला ओळखणारं कुणी नव्हतं. सांगितलं नाही तर कुणाला कळणार नव्हतं. आणि ती खोटं बोलत न्हाय, हे वाक्य प्रत्येक वळणावर माझ्या मागच्या सीटवर बसलेलं होतं. सोलापूरची हद्द आली तेव्हा माझं ठरलं होतं. खोटं बोलायचं नाही. किल्लीही द्यायची नाही.

दीर पोर्चमध्ये खुर्चीवर बसले होते, हातात आपट्याची पानं. नवरा शेजारी पट्टा बांधून. मामा फाटकापाशी, अनवाणी. मी गाडी आत घेतली, उतरले, ज्वारी खाली ठेवली.

"इचार तिला," दीर म्हणाले.

"काय गं, आडवी झाली का?" नवऱ्याने विचारलं. त्याच्या आवाजावरून कळत होतं, की त्याला 'नाही' ऐकायचं आहे. चार महिन्यांत त्याची बाजू कधी बदलली, ते मला कळलंच नव्हतं.

"भाऊजींना सांगा, झाली. एकदा. मी गाडीवर नव्हते. मी उतरून ज्वारी टांगली म्हणून झाली. पण अट गाडी आडवी होण्याची होती, माझी नव्हती. तेव्हा मी हरले. आणि हेही सांगा, की किल्ली मी देणार नाही."

"स्टँड लांब पडलं," मामा मध्येच म्हणाले. "चूक माझी."

"चूक दोघांची. किल्ली माझी," मी म्हटलं.

दीर उठले. पानं खुर्चीवर ठेवली. सहा फूट उंच माणूस. धोतर सावरत त्यांनी गाडीवर टांग टाकली आणि बसले. त्यांचे गुडघे वर आले ते थेट हँडलच्या वर. त्यांनी पाय पुढे टाकले, तर दांडे सापडेनात. हँडल वळवून बघितलं, ते गुडघ्यावर आपटलं. झूल घातलेल्या गाडीवर ते लहान मुलाच्या सायकलवर बसलेल्या काकांसारखे दिसत होते. नवरा पट्टा धरून हसायला लागला आणि लगेच कण्हला.

दीर तसेच बसून राहिले, समोर भिंतीकडे बघत.

"तिला सांग," ते शेवटी म्हणाले, "ही आता कुनाच्याच कामाची राहिली न्हाय."

"भाऊजींना सांगा, माझ्या आहे."

ते उतरले. आपट्याची दोन पानं उचलून नवऱ्याच्या हातात दिली. "एक तुझं. एक तिचं. आन् ज्वारी चांगली हाय म्हनावं."

किल्ली मागितली नाही. मी ती उतरल्याबरोबर ओढणीच्या टोकाला बांधली होती. नंतर काढून खिळ्याला लावली.

स्टँड कापायचं अजून राहिलं आहे. तोवर सपाट जागी गाडी उभी करायला मला भिंत लागते.